घरच्या संगणकातील कमी किमतीच्या प्रोसेसरची कामगिरी कशी तपासावी

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरच्या किंवा कॉलेज रोडच्या दुकानातून असेंबल्ड संगणकाचे कोटेशन आणले, की त्यावर प्रोसेसरचे नाव, रॅमचा आकडा आणि एसएसडीचा आकडा एवढेच लिहिलेले असते. संगणक घरी येतो, विंडोज सुरू होते, पडद्यावर चित्र दिसते आणि तपासणी झाली असे सगळेच गृहीत धरतात. वास्तविक कमी किमतीच्या प्रोसेसरला तपासणीची गरज अधिक असते, कारण त्याच्याकडे राखीव ताकद फारशी नसते. महागड्या प्रोसेसरची गती दहा टक्क्यांनी घटली तरी घरच्या कामात ते जाणवत नाही. पण एकच रॅम स्टिक, नीट न बसलेला कूलर (प्रोसेसरवर बसवलेला, त्याला थंड ठेवणारा पंखा) आणि टेबलाचा बंदिस्त कप्पा या तिघांनी मिळून चार कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) प्रोसेसरची बरीचशी गती खाल्ली, तर मुक्त विद्यापीठाचा ऑनलाइन वर्ग चालू असताना शेजारी टॅली उघडणेही जिकिरीचे होते. अशा वेळी दोष बहुधा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. म्हणून नुसता स्कोअर काढण्यापेक्षा, प्रोसेसर किती काम करतो आणि त्याला भोवतालच्या गोष्टी किती काम करू देतात, हे वेगवेगळे दाखवणारी चाचणी घ्यावी. पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

उदाहरणासाठी दोन प्रोसेसर घेतले आहेत. इंटेलचा कोअर आय३-१२१०० हा २०२२ मध्ये आलेला चार कोअर आणि आठ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालू शकणारा कामाचा धागा) प्रोसेसर, आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ मधला सहा कोअर आणि बारा थ्रेडचा. दोन्ही घरगुती संगणकांत सर्रास दिसतात आणि दोन्हींत ग्राफिक्स अंगभूत आहे.

हातात आलेली वस्तू कोणती, हे आधी पाहावे

सीपीयू-झेड हा छोटा, मोफत प्रोग्रॅम उघडला की पहिल्याच पानावर प्रोसेसरचे नाव, कोअर, थ्रेड आणि सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) दिसतात. हे सर्व बिलाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. ‘आय५ संगणक’ एवढ्यावर समाधान मानू नये. २०१२ सालचा कोअर आय५-३४७० हाही आय५च आहे. त्यात चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत, आणि दहा वर्षांनंतरचा आय३-१२१०० त्याला एका कोअरच्या आणि सर्व कोअरच्या अशा दोन्ही कामांत सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या प्रोसेसरना साधारणपणे आठव्या पिढीची अट घातलेली आहे आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे असा जुना प्रोसेसर स्वस्तात मिळाला तरी घरासाठी तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नावाच्या शेवटचे अक्षरही महत्त्वाचे असते. आय३-१२१००एफ मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड न लावता तो संगणक पडद्यावर चित्रच दाखवू शकत नाही. रायझन ५ ५५०० चेही तसेच आहे.

सीपीयू-झेडमधले मेमरीचे पान बहुतेक जण उघडत नाहीत, पण तेथेच निम्मे उत्तर असते. ‘चॅनेल’ (रॅम आणि प्रोसेसर यांच्यातली वाट) या रकान्यात ‘ड्युअल’ किंवा ‘२ × ६४-बिट’ असे दिसले पाहिजे. ‘सिंगल’ दिसत असेल तर १६ जीबीची एकच स्टिक बसवलेली आहे किंवा दोन स्टिक चुकीच्या खाचांत आहेत. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन स्टिक सहसा प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. त्याच पानावर ‘डीरॅम फ्रिक्वेन्सी’ १६०० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसली तर रॅम ३२०० वर चालते आहे असे समजावे, कारण डीडीआर मेमरीत प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते आणि हा प्रोग्रॅम ठोके दाखवतो. पाकिटावर ३२०० छापलेले असताना येथे १२०० किंवा १३३३ दिसत असेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी हा रॅम तिच्या छापील गतीवर चालवणारा पर्याय सुरू करावा. अंगभूत ग्राफिक्स स्वतंत्र मेमरी न ठेवता याच रॅममधून काम करते, म्हणून ५६००जी सारख्या प्रोसेसरवर दुसऱ्या स्टिकमुळे खेळांच्या फ्रेममध्ये पडणारा फरक डोळ्यांनी दिसण्याइतका मोठा असतो.

चाचणीची पूर्वतयारी

नव्याने विंडोज टाकल्यावर पहिले काही तास अपडेट उतरत असतात, फाइलींची सूची तयार होत असते आणि विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसची तपासणी चालू असते. या काळात घेतलेला स्कोअर ग्राह्य धरू नये. सर्व अपडेट पूर्ण करून संगणक पुन्हा सुरू करावा, दहा मिनिटे तसाच राहू द्यावा, आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर दोन-तीन टक्क्यांवर स्थिरावला की मगच चाचणीला हात घालावा. पॉवर ऑप्शन्समध्ये कोणती योजना निवडलेली आहे ते लिहून ठेवावे. ‘बॅलन्स्ड’ असल्यास हरकत नाही, पण ‘पॉवर सेव्हर’ असेल तर प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो.

खोलीचे तापमान मात्र आवर्जून नोंदवावे. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश वर राहायचे एवढेच ठरवतो. त्यामुळे खोली पंधरा अंशांनी तापली, की त्याच कामाला आणि पंख्याच्या त्याच वेगाला प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच अधिक तापतो. नाशिककरांनी हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. निफाडकडे पारा एक आकडी होतो त्या जानेवारीत घरातली खोली वीस अंशांवर असते आणि सत्तर अंशांवर काम करणारा प्रोसेसर निर्धोक वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळिशी गाठली जाते, स्लॅबखालची खोली पस्तीसच्या वर जाते, आणि तोच प्रोसेसर पंच्याऐंशीच्या घरात पोहोचतो. हिवाळ्यात घेतलेल्या चाचणीत हे पंधरा अंश मनाने मिळवूनच निष्कर्ष काढावा.

स्कोअर काढताना

घरच्या कामासाठी सिनेबेंच आर२३ आणि ७-झिप ही दोन मोफत साधने पुरेशी आहेत. सिनेबेंच एक त्रिमितीय चित्र रंगवून घेते आणि त्याला लागलेल्या वेळावरून गुण देते. त्यात एक कोअर आणि सर्व कोअर अशा दोन स्वतंत्र चाचण्या आहेत, आणि त्या दोन्ही घेणे आवश्यक आहे, कारण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. आय३-१२१०० ला सर्व कोअरच्या चाचणीत साधारण आठ हजारांच्या थोडे वर आणि एका कोअरच्या चाचणीत १६५० ते १७०० गुण मिळतात. ५६००जी ला सर्व कोअरमध्ये साडेदहा ते अकरा हजार मिळतात, पण एका कोअरमध्ये तो १५०० च्या आसपास थांबतो. म्हणजे ज्याचा मोठा आकडा मोठा आहे त्याचा छोटा आकडा लहान आहे. टॅली, ब्राउझरमधली पाने, कागदपत्रे आणि बहुतेक कार्यालयीन कामे एका कोअरच्या गतीवर चालतात, तर व्हिडिओ रूपांतरित करणे, त्रिमितीय चित्रे आणि मोठ्या फाइली आवळणे ही कामे सर्व कोअर वापरतात. जीएसटीची विवरणपत्रे आणि शाळेचा अभ्यास एवढेच काम असलेल्या घराने मोठ्या आकड्याला भुलून सहा कोअर घेण्याचे कारण नाही. लग्नसमारंभाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्याने मात्र सहा कोअरच घ्यावेत.

प्रत्येक चाचणी तीनदा घ्यावी आणि मधला आकडा धरावा. तिन्ही आकड्यांत दोन-तीन टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर पार्श्वभूमीवर काहीतरी चालू आहे किंवा प्रोसेसर तापून मागे सरत आहे, आणि ते शोधल्याशिवाय मधला आकडा धरण्यात अर्थ नाही. तुलना करताना एकाच आवृत्तीचे आकडे घ्यावेत. आर२३ आणि सिनेबेंच २०२४ यांची मोजपट्टी वेगळी आहे, तशीच स्कोअर काढणाऱ्या आणखी एका प्रोग्रॅमच्या, गीकबेंच ५ आणि गीकबेंच ६ या आवृत्त्यांचीही. गीकबेंच ६ मध्ये कोअर आय७-१२७०० ला २५०० गुण धरून बाकी सर्वांचे गुण ठरवलेले आहेत. ही चाचणी सोपी असली तरी ती लवकर संपते आणि तिच्या कामांमध्ये थोडी उसंत मिळते, त्यामुळे कूलरचा दोष तिच्यात लपून राहतो. घरच्या प्रोसेसरसाठी मी तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवणार नाही.

७-झिपमध्ये ‘टूल्स’ या यादीत ‘बेंचमार्क’ असतो. तो फाइल आवळण्याचा आणि मोकळी करण्याचा वेग वेगवेगळा दाखवतो. आवळण्याचा वेग रॅमच्या प्रतिसादावर आणि प्रोसेसरच्या कॅशवर (त्याच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीवर) बराच अवलंबून असतो, तर मोकळी करण्याचा वेग मुख्यतः प्रोसेसरच्या पूर्णांकी गणितावर. याच प्रोसेसरच्या इतरत्र नोंदवलेल्या आकड्यांच्या तुलनेत पहिला आकडा कमी आणि दुसरा बरोबर आला, तर संशय आधी रॅमवर घ्यावा. थ्रेडची संख्या एकवर आणून हीच चाचणी पुन्हा घेता येते.

उष्णतेची चाचणी

सर्वांत अधिक वेळ येथे द्यावा, कारण नव्या असेंबल्ड संगणकांतले लपलेले दोष येथेच उघडे पडतात. एचडब्ल्यू-इन्फो हा प्रोग्रॅम ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडून सुरू करावा. त्यात प्रत्येक कोअरचा क्लॉक (चालण्याची गती), तापमान, संपूर्ण प्रोसेसर घेत असलेले वॅट आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (तापल्यामुळे गती कमी करणे) या ओळी शोधून डोळ्यांसमोर ठेवाव्यात. खालच्या पट्टीतील लॉगिंगचे बटण दाबले की दर दोन सेकंदांनी एक ओळ याप्रमाणे सर्व नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये जमा होत राहतात. मग सिनेबेंचच्या ‘फाइल’ यादीतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड बेंचमार्क’ सुरू करून कालावधी ३० मिनिटे निवडावा आणि सर्व कोअरची चाचणी लावावी.

आता तीन गोष्टी एकत्र वाचायच्या आहेत. आय३-१२१०० चा एका कोअरचा कमाल क्लॉक ४.३ गिगाहर्ट्झ आहे आणि चारही कोअर राबत असताना तो ४.१ वर असतो. तीस मिनिटांनंतरही ४.१ टिकून असेल आणि तापमान ऐंशीच्या आत असेल, तर प्रोसेसर आणि कूलर दोघेही आपले काम चोख करत आहेत. क्लॉक उतरला आहे, तापमान बेताचे आहे आणि वॅटचा आकडा एका ठिकाणी खिळलेला आहे, असे दिसले तर मदरबोर्डने विजेची मर्यादा घातलेली आहे. या प्रोसेसरची मूळ मर्यादा ६० वॅट आणि अल्पकालीन मर्यादा ८९ वॅट आहे, तर ५६००जी सारख्या ६५ वॅटच्या रायझनना एएमडीच्या एएम४ सॉकेटवर ८८ वॅटपर्यंत वीज घेता येते. अशी मर्यादा पाळली जाणे हा बिघाड नव्हे. तिसरी स्थिती मात्र दोषाची: तापमान शंभर अंशांना भिडते, ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर ‘येस’ उमटते आणि क्लॉक खाली घसरत जातो. आय३-१२१०० साठी ही सीमा १०० अंश आहे आणि ५६००जी साठी ९५. त्या सीमेवर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो, त्यामुळे तो लगेच जळत नाही. पण आपण पैसे मोजलेली गती आपल्याला मिळत नाही.

या स्थितीत कारण शोधण्याची एक सोपी रीत आहे. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तीच चाचणी पुन्हा लावावी. तापमान दहा अंशांहून अधिक उतरले, तर अडचण हवेच्या वाटेची आहे. कॅबिनेट संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवणे आणि धूळ नको म्हणून त्यावर कापडी कव्हर घालून ते काढायला विसरणे, या दोन सवयी घरोघरी आढळतात. झाकण काढूनही तापमान जागचे हलत नसेल, तर कूलर नीट टेकलेला नाही किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) अपुरी आहे.

इंटेलच्या खोक्यातून येणारा कूलर चार कोपऱ्यांवरच्या चार पिनांनी बसतो. त्या समोरासमोरच्या जोडीने, म्हणजे कर्णाच्या दिशेने, टक् असा आवाज येईपर्यंत दाबायच्या असतात. घाईत जोडणी करताना तीन पिना बसतात आणि चौथी नुसती छिद्रात टेकून राहते. वरून पाहिले तर चारही डोकी सारखीच दिसतात. म्हणून संगणक बंद करून, वीज तोडून, कॅबिनेटचे दुसऱ्या बाजूचे झाकण काढावे आणि मदरबोर्डच्या पाठीमागून पाहावे. बहुतेक कॅबिनेटमध्ये त्यासाठी मोठी खिडकी असते. चारही पिनांची फाकलेली टोके सारख्या लांबीने बाहेर आलेली असली पाहिजेत. एक टोक आत राहिले असेल तर कूलरचा तो कोपरा प्रोसेसरपासून केसभर वर उचललेला असतो, आणि तेवढे अंतर शंभर अंश गाठायला पुरते. कूलर काढून पुन्हा बसवायचा असल्यास जुनी पेस्ट पुसून नवी लावावी. मटारच्या दाण्याएवढी पुरते. एएमडीचा एएम४ कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार करावी आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच फिरवून सुटा करावा, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपसून वर येतो आणि त्याच्या खालच्या पिना वाकतात.

आपले स्वतःचे काम, घड्याळ लावून

यानंतर घरात जे काम रोज होते ते घड्याळ लावून मोजावे. द्राक्षांच्या पॅकहाउसची हजारो ओळींची एक्सेल फाइल पुन्हा हिशेबायला किती सेकंद लागतात, टॅलीचा बॅकअप किती वेळ घेतो, मोबाइलवर घेतलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ हँडब्रेक या प्रोग्रॅमने छोटा करायला किती मिनिटे जातात, अशी आपल्या घरची तीन-चार कामे निवडावीत, आणि प्रत्येक वेळी तीच फाइल वापरावी.

काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर २० टक्के दिसत असेल तर प्रोसेसर निर्दोष आहे. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घातल्याने जो फरक पडेल तो दुप्पट किमतीचा प्रोसेसर घालूनही पडणार नाही. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवावी. येथे एक फसवा आकडा नीट समजून घ्यावा लागतो. आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण राबत असेल तर एकूण वापर १२.५ टक्क्यांच्या आसपास दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की प्रोसेसर रिकामा बसला आहे. टर्बोमुळे (गरजेनुसार मूळ गतीपेक्षा वर जाण्याच्या सोयीमुळे) हा आकडा थोडा वरही दिसू शकतो. एखादे काम रखडले असताना डिस्क आणि मेमरी मोकळ्या असतील आणि प्रोसेसर तेरा ते सतरा टक्क्यांच्या दरम्यान खिळून राहिला असेल, तर ते काम एका कोअरच्या गतीला अडलेले आहे, आणि तेथे अधिक कोअरचा प्रोसेसर घेऊन काहीही साध्य होणार नाही.

व्हिडिओ पाहणे हे वरवर हलके काम, पण तेही तपासावे. यूट्यूबवर चालत्या व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडले, की कोडेकचे (व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीचे) नाव आणि गळालेल्या फ्रेमची संख्या दिसते. कोडेक ‘एव्ही०१’ने सुरू होत असेल तर तो व्हिडिओ एव्ही१ प्रकारचा आहे. आय३-१२१०० चे ग्राफिक्स हा प्रकार स्वतः उलगडते, तर ५६००जी च्या ग्राफिक्समध्ये ती सोय नाही आणि तो भार कोअरवर येतो. सहा कोअर तो पेलतात, परंतु फोर-के व्हिडिओच्या वेळी पंख्याचा आवाज का वाढतो याचे उत्तर येथे मिळते. त्याच वेळी व्हिडिओ मीटिंग आणि पडदा शेअर करणे चालू असेल तर गळालेल्या फ्रेमकडे लक्ष ठेवावे.

नोंद आणि दुकानदाराशी बोलणे

तारीख, खोलीचे तापमान, रॅमचे चॅनेल आणि गती, बायोसची आवृत्ती, पॉवरची योजना, दोन्ही चाचण्यांचे मधले आकडे, अर्ध्या तासातले सर्वोच्च तापमान आणि सर्वांत खालचा क्लॉक, तसेच आपल्या कामांचे सेकंद, एवढे एका पानावर लिहून ठेवावे. एप्रिलच्या शेवटी दुपारी दोन-तीनच्या सुमारास तीच चाचणी पुन्हा घ्यावी. स्कोअर घटला असेल तर आधी कूलरच्या पात्यांमधली आणि कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ काढावी, आणि मगच पुढचा विचार करावा. बायोसचे अपडेट करायचे ठरल्यास मान्सूनपूर्व वळवाची संध्याकाळ टाळावी, कारण मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते. घरी यूपीएस असला तरी त्याची बॅटरी आधी तपासून घ्यावी.

दोष आढळला तर दुकानात ‘संगणक हळू चालतो’ असे सांगून काहीच निष्पन्न होत नाही, कारण तेथे पंख्याखाली पाच मिनिटे चालवून तो व्यवस्थित असल्याचे दाखवले जाते. त्याऐवजी एचडब्ल्यू-इन्फोची सीएसव्ही फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी, ‘थर्मल थ्रॉटलिंग’ची ओळ उघडून दाखवावी आणि ३० मिनिटांची चाचणी आपल्यासमोर लावायला सांगावी. कूलर बसवण्यातला दोष जोडणी करणाऱ्याने विनामूल्य दुरुस्त करून दिला पाहिजे, आणि तशी मागणी करताना संकोच बाळगू नये. खोक्यातून आलेल्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरना कंपनीची तीन वर्षांची हमी असते, म्हणून बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि खोक्यावरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा व खोके टाकून देऊ नये. खोक्याविना, नुसत्या ट्रेमधून काढून विकलेल्या प्रोसेसरची हमी कोण देतो, हे पैसे देण्यापूर्वी बिलावरच लिहून घ्यावे.